मागची फळी

गाडीची किल्ली खिळ्याला टांगून नऊ आठवडे झाले होते, आणि या नऊ आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाने दिवसातून एकदा तरी त्या खिळ्याकडे पाहिलं होतं. खिळा दुकानात, काच कापायच्या टेबलाच्या वर, लाकडी पट्ट्यांच्या शेजारी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं होतं की खा, प्या, फिरा, पण गाडी आता बास. अप्पा घरी आले, कमरेची किल्ली सोडली, खिळ्याला अडकवली आणि जेवायला बसले. चाळीस वर्षं ती त्यांच्या कमरेला होती; गाडी दुसऱ्या कुणी काढायची तर जोडकिल्ली वेगळी होती. जेवताना भाजीत मीठ कमी आहे एवढंच ते म्हणाले.

पुढचं सगळं घराला पाठ होतं. पगारी ड्रायव्हर ठेवला, त्याने पहिल्याच आठवड्यात तीन काचा फोडल्या आणि चौथी फुटली तेव्हा तो शीळ घालत होता. थोरल्या मुलाचं मनगट चार वर्षांपूर्वी काचेने कापलं, तेव्हापासून त्याची दोन बोटं मिटत नाहीत. कटर धरता येतो, गिअर धरता येत नाही. धाकटा बँकेत, आणि दुकानात पाऊल टाकलं की त्याला शिंका येतात. राहिल्या दोन सुना. अप्पांनी ताटावरूनच निकाल दिला की दोघींनी गाडी शिकायची, परीक्षा द्यायची, आणि जी आधी पास होईल तिच्या हातात किल्ली.

किल्ली म्हणजे नुसतं गाडी हाकणं नव्हतं. ज्याच्या हातात गाडी तो गिऱ्हाइकाच्या घरात जातो, खिडकीची मापं घेतो, काच कुठली घ्यावी ते सांगतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच दुकान समजतं. हे थोरल्या सुनेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षं ती त्या गाडीत बसत आली होती. पण बसत होती ती मागे.

गाडीच्या मागच्या भागात एका अंगाला काचा उभ्या ठेवायचा लाकडी घोडा होता आणि दुसऱ्या अंगाला एक फळी. फळीवर गोणपाट दुमडून ती बसायची, पाठ ड्रायव्हरकडे, दोन्ही हातांत मोजे, आणि हात काचेवर. मोठा आरसा असला की गुडघेही लावायचे. सिग्नलला गाडी थांबली, खड्डा आला, वळण आलं, की मागून तिचा आवाज जायचा, "धरलीय. चला." तो आवाज आल्याशिवाय अप्पा पुढे हलायचे नाहीत. आपलं सगळं शहर तिने अठरा वर्षं मागच्या दाराच्या खिडकीतून, लांब लांब जातानाच पाहिलं होतं. गिऱ्हाइकाच्या दारात पोचल्यावर अप्पा आत जात आणि ती काच धरून उभी राही.

तेव्हा तिला वाटलं की किल्ली आता आपलीच. वाटणारच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी चहा संपवला आणि धाकटीला म्हणाले, "चल पोरी, गाडी काढू. मी शेजारी बसतो." आणि थोरलीकडे वळून म्हणाले, "मोठी, तू ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाल. तिथे नीट शिकवतात."

पोरी. थोरली बाविसाव्या वर्षी या घरात आली त्या दिवसापासून ती मोठी होती. धाकटीला येऊन तीन वर्षं झाली, वय तिचं अठ्ठावीस, आणि ती पोरी. थोरलीने कप उचलले, विसळले, पुन्हा विसळले. याला मत्सर म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती स्वतःशी खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

अप्पांची शिकवायची पद्धत जुनी होती. घोड्यात दोन बिनकामाच्या काचा उभ्या करायच्या, एरवी मध्ये कागद घालतात तो काढून टाकायचा, आणि गाडी चालवायची. ब्रेक जोरात लागला, क्लच झटक्याने सुटला, की काचा एकमेकींवर, घोड्यावर वाजायच्या. काच बोलली, असं घरात म्हणत. दोन्ही मुलांना त्यांनी असंच शिकवलं होतं. ब्रेकवर पाय ठेवायचा तो झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवावा तसा, हे वाक्य थोरलीने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला त्यातला श्वासही माहीत होता.

रोज सकाळी आठला गाडी परत यायची आणि टेबलाशी उभ्या असलेल्या थोरलीचे कान तिच्या परवानगीशिवाय टवकारायचे. गाडी मागच्या अंगणात शिरताना काच बोललीच तर तिला मनातून बरं वाटायचं. मग दार उघडायचं आणि धाकटीचं हसणं आधी आत यायचं.

"आज किती?" थोरला विचारायचा.

"सहा वेळा," धाकटी सांगायची. "काल अकरा होतं."

आणि अप्पा हसायचे. हे मात्र फार झालं. थोरला शिकत होता तेव्हा काच दोनदा बोलली की त्याला संध्याकाळचा चहा मिळत नसे, ही गोष्ट त्यानेच लग्नानंतर तिला कौतुकाने सांगितली होती. आता अकरा वेळा बोलते आणि म्हातारा हसतो. थोरलीने एका खिडकीची काच अर्धा इंच कमी कापली. अठरा वर्षांतली तिची बहुधा तिसरी चूक.

"लक्ष कुठंय?" नवरा म्हणाला.

"तुमच्या वडिलांकडे."

"अगं, तिला काही येत नाही म्हणून शिकवतायत ते. तुला सगळं येतं."

"सगळं येतं तर किल्ली का नाही दिली?"

त्याची मिटणारी तीन बोटं कटरवर होती आणि न मिटणारी दोन बोटं नेहमीप्रमाणे तिच्याकडे रोखलेली.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर जाडे आणि शांत होते. गाडीच्या सीटवर टॉवेल अंथरल्याशिवाय ते कुणाला बसू देत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी थोरलीला विचारलं की आधी कुठे चालवायचात, कारण नवखा माणूस इतक्या हलक्या पायाने गाडी चालवत नाही. पाठीमागून ऐकून शिकले, असं ती म्हणाली. त्यांना तो विनोद वाटला. रिव्हर्स, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणं, अरुंद जागेत लावणं, सगळं तिने तीन आठवड्यांत हाताखालून घातलं. अठरा वर्षं मागे बघत काढल्यावर रिव्हर्स काय अवघड.

परीक्षेच्या आधी चार दिवस मास्तरांनी शेवटची गोष्ट सांगितली. सगळं झाल्यावर साहेब एकदम डॅशबोर्डवर फाइल आपटतात आणि थांबा म्हणतात. समोर पोर आलंय असं समजायचं आणि जीव खाऊन ब्रेक दाबायचा. गाडी जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. हळू थांबवली की नापास, मग बाकीचं कितीही चांगलं असो.

"करून बघूया?" ती म्हणाली.

"कशाला? टायर झिजतात. त्यात शिकायचं काय? माणूस घाबरला की पाय आपोआप पडतो."

तिने मान हलवली, आणि त्याच क्षणी तिला धाकटीचा पाय दिसला. झोपलेल्या मुलावर हात ठेवावा तसा ब्रेकवर पडणारा पाय. दीड महिना अप्पांनी तिला एकच गोष्ट घोटून शिकवली होती, आणि परीक्षेत नेमकी तीच करायची नव्हती. अप्पांना हे माहीत असणं शक्य नव्हतं; त्यांनी परीक्षा दिली तेव्हा साहेबाने त्यांना मैदानाला एक चक्कर मारायला लावून सही केली होती. आता घरात हे माहीत असलेलं माणूस एकच होतं.

घरी येताना ती दोन स्टॉप आधी उतरली आणि चालत आली. सांगायचं, असं तिने ठरवलं. मग ठरवलं की सांगून आपण आपल्याच हाताने किल्ली तिला द्यायची का. मग पुन्हा ठरवलं की सांगायचं, माणसाने इतकं खालच्या पातळीवर जाऊ नये. अंगणाचं फाटक उघडलं तेव्हा गाडीचं पुढचं दार उघडं होतं आणि अप्पा वाकून, डोळ्यांना काळा चष्मा, हातांनी चाचपत, ड्रायव्हरच्या सीटवर आपली गादी बांधत होते. तपकिरी रेक्झीनची, त्यांच्या बैठकीला खळगा पडलेली गादी. त्या गादीला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

"पोर बुटकी आहे," ते म्हणाले. "बॉनेटच्या पुढचं दिसत नाही तिला."

थोरलीने उघड्या मागच्या दारातून आत पाहिलं. फळीवर तिचं गोणपाट होतं, दुमडलेलं, कडेला फाटलेलं. अठरा वर्षांत त्या फळीवर कुणी काही बांधलं नव्हतं. तिने तोंड उघडलं होतं ते मिटलं, आणि मूग गिळून ती आत निघून गेली. पुढचे चार दिवस धाकटी तिला दहा गोष्टी विचारत होती, ताई, आरशात कुठे बघायचं, ताई, साहेब रागीट असतात का. थोरलीने दहाच्या दहा गोष्टींची खरी उत्तरं दिली. अकरावी तिने विचारली नाही आणि हिने सांगितली नाही.

परीक्षेचं मैदान शहराच्या टोकाला होतं. डांबरावर पांढरे पट्टे, मध्ये लाल शंकू, एका बाजूला सिमेंटचा चढ, पत्र्याच्या शेडमध्ये बाक. अप्पा येतोच म्हणाले. त्यांना धड दिसत नव्हतं, पण बाकावर काठी रोवून ते असे बसले की सगळ्या मैदानाचा आवाज त्यांच्याकडे यावा. धाकटी आपल्या दुकानाच्या गाडीतून परीक्षा देणार होती, थोरली स्कूलच्या गाडीतून. नंबर धाकटीचा आधी.

परीक्षक बारीक चणीचे, चष्मा नाकाच्या टोकावर, काखेत जाड फाइल. थोरलीची नजर त्या फाइलीवरून हलेना. दुकानाची गाडी निघाली. धाकटीने पहिल्या शंकूला निसटता स्पर्श केला, रिव्हर्सला दोनदा थांबली, चढावर गाडी वीतभर मागे आली. अप्पा प्रत्येक आवाजाला मान कलती करत होते. थोरली कुंपणाच्या तारेला धरून उभी होती. तिला एकच क्षण पाहायचा होता, आणि तो पाहायचा आहे याची तिला लाज वाटत होती, आणि तरी डोळे हटत नव्हते.

शेवटच्या सरळ पट्ट्यावर गाडीने वेग घेतला. आतून फाइल आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला. टायर किंचाळले, गाडीचं नाक डांबराला टेकतंय की काय असं खाली गेलं, मागचा रिकामा घोडा खडखडला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. अप्पांनी कुणीतरी थोबाडीत मारावी तसे डोळे मिटले.

धाकटी उतरली ती छातीवर हात ठेवूनच. "बाई गं, केवढ्याने आपटली ती फाइल," ती म्हणाली. "दचकलेच मी. पाय कधी पडला कळलंच नाही." पास झाल्याचा कागद तिच्या दुसऱ्या हातात होता.

थोरलीच्या चार दिवसांच्या गप्प राहण्यावर असं पाणी पडलं. त्याने ना कुणाचं नुकसान झालं होतं ना कुणाचा फायदा. ती नुसतीच वाईट वागली होती. पण विचार करायला वेळ नव्हता, तिचं नाव पुकारलं गेलं. ती गाडीत बसली, आरसे लावले आणि ठरवलं की आता हिच्यापेक्षा चांगली परीक्षा देऊन दाखवायची. किल्ली गेली तर गेली, निदान मैदानावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानांनी फरक ऐकावा.

आणि तिने खरंच अशी गाडी चालवली की परीक्षकांनी फाइल मांडीवर ठेवून दिली. शंकूंमधून ती नदीतल्या माशासारखी गेली. रिव्हर्स एका दमात. चढावर गाडी केसभर मागे आली नाही. "किती वर्षं चालवताय?" त्यांनी विचारलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. सरळ पट्टा आला, तिने वेग घेतला, तिला माहीत होतं आता काय होणार आहे, आणि ते झालं. फाइल आपटली.

तिचा पाय ब्रेकवर गेला, वेळेवर गेला, आणि झोपलेल्या मुलावर हात ठेवावा तसा हळूच टेकला. गाडी मऊपणे, सावकाश, एकाही धक्क्याशिवाय पट्टा ओलांडून दोन गाड्यांच्या अंतरावर जाऊन थांबली. तिचा डावा हात स्टिअरिंगवर नव्हता. तो दोन सीटांच्या मधून मागे गेला होता, पंजा उघडा, बोटं ताणलेली.

परीक्षकांनी वळून मागे पाहिलं. मागे सीट होती, आणि सीटवर मास्तरांचा टॉवेल.

"काय धरताय?" त्यांनी विचारलं.

तिने हात परत घेतला. फाइलीवर पेन टेकवून ते म्हणाले, "बाई, इतकं चांगलं चालवणारं माणूस मी महिनाभरात पाहिलं नाही. पण समोर पोर असतं तर ते राहिलं नसतं. पंधरा दिवसांनी या."

शेडपर्यंत ती चालत आली तेव्हा धाकटीच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिला कळलंय. अप्पा मात्र काठीवर हनुवटी ठेवून बसले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "टायर वाजला नाही तुझा," ते म्हणाले. "काही म्हणजे काही ऐकू आलं नाही मला."

"त्यालाच नापास म्हणतात, अप्पा," थोरली म्हणाली.

परत निघताना धाकटी गादीवर बसली, अप्पा तिच्या शेजारी, आणि थोरली सवयीने मागचं दार उघडून फळीवर. गाडीत एकही काच नव्हती. हे तिला अर्ध्या वाटेवर कळलं. सिग्नल आला, गाडी धक्का देऊन थांबली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "धरलीय. चला." धरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, आणि तिला रडू आलं, आणि तिने फळीवर पडलेला मोजा डोळ्यांवर दाबला. तिला धाकटीचा हेवा वाटत होता. तिच्या त्या बेशिस्त, दचकणाऱ्या, कुठलीच काच माहीत नसलेल्या पायाचा सगळ्यात जास्त.

अंगणात गाडी लागली. अप्पा उतरून आत गेले आणि खिळ्यावरून किल्ली काढल्याचा आवाज आला. खिळ्याची ती बारीक टण्‌ थोरलीला झोपेतही ओळखू आली असती. ते दारात आले, धाकटीच्या हातात किल्ली ठेवली, आशीर्वाद वगैरे काही दिला नाही, आणि चष्मा सावरत आत गेले. थोरली फळीवरून उठली नव्हती. धाकटी मागच्या दाराशी आली आणि आत चढून तिच्याशेजारी गोणपाटावर बसली.

"ताई, मला सांगायचंय काहीतरी."

"आधी मी सांगते," थोरली म्हणाली. "ती फाइल आपटतात ते मला चार दिवस आधीपासून माहीत होतं. तुझा पाय हळू पडेल, तू नापास होशील, म्हणून मी सांगितलं नाही. मुद्दाम."

धाकटीने हातातली किल्ली उलटीपालटी केली. रागावेल असं थोरलीला वाटलं, आणि रागावली असती तर बरं झालं असतं.

"दीड महिना मी या गाडीत तुमचंच नाव ऐकलंय," धाकटी म्हणाली. "काच बोलली की अप्पा म्हणायचे, मोठी असती तर बोलली नसती. वळण घेतलं की मोठी. खड्डा आला की मोठी. मी हसायचे, नाहीतर रडले असते. अकरा वेळा बोलली ते घरात येऊन सांगायचे ना मी, ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून. खूश व्हा एकदाच्या, असं वाटायचं मला. परवा रात्री मी यांना म्हटलं, ताई नापास झाल्या तर मी देवाला नारळ फोडेन."

"मग फोड," थोरली म्हणाली.

"आणि एक. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं त्यांना, ताईंना का नाही शिकवत. तर म्हणाले, तिच्या हातात किल्ली दिली तर मागे कोण बसणार?"

हे इतकं साधं होतं की थोरलीला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिला कमी लेखून मागे ठेवलं नव्हतं. ती मागे फार चांगली बसली होती, हाच तिचा गुन्हा. अठरा वर्षांत एक काच फुटू दिली नाही, म्हणून फळी तिची, आणि अकरा वेळा काचेला बोलायला लावते म्हणून किल्ली हिची. असं कुणी कुणाला बक्षीस देतं का, असं तिला ओरडून विचारायचं होतं. त्याऐवजी ती उठली.

"किल्ली दे," ती म्हणाली. "आणि शेजारी बस. फाइल नसली तर हाताने आपट."

अंगण लांब होतं, दुकानापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं. थोरलीने आतून एक खरचटलेली काच आणली, घोड्यात उभी केली, बांधली नाही. ड्रायव्हरच्या सीटवरची गादी तिने तशीच राहू दिली; त्यातला खळगा तिच्या मापाचा नव्हता. गाडी सुरू झाली, वेग आला, धाकटीने डॅशबोर्डवर पंजा मारला. पाय हळूच टेकला. काच बोलली नाही. गाडी मागे घेतली, पुन्हा. पुन्हा काच गप्प. तिसऱ्या वेळी धाकटी म्हणाली, "ताई, मागे कोण बसणार?" आणि डॅशबोर्डवर हात आपटला.

थोरलीचा पाय असा पडला की दोघींचे पट्टे आवळले. मागे घोड्यातून काच सुटली, फळीवर आदळली आणि फुटली. तो आवाज घरात कुणालाही चुकवता आला नसता. आतलं कटरचं खरखरणं बंद झालं. थोरला दारापर्यंत आला, काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या खांद्याला धरून अप्पा पुढे आले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक," थोरली म्हणाली. तिने खिडकीची काच खाली केली. "मी फोडली. मुद्दाम. पंधरा दिवसांत अजून फुटतील."

अप्पा उभे राहिले. तुटफुटीच्या बाबतीत ते कसे होते हे घराला पाठ होतं. ते आत वळले आणि थोरलीने स्टिअरिंग घट्ट धरलं. आतून काचा सरकवल्याचा आवाज आला. मग ते पुन्हा दारात दिसले, बगलेत एक काच, चांगली, नवी, आणि हातात केरसुणी. ते चाचपत मागच्या दाराशी गेले. केरसुणीने फळी झाडल्याचं ऐकू आलं. गाडी किंचित दबली.

"अप्पा, तुम्ही कुठे बसताय?" धाकटी म्हणाली.

"इथून पुढचं काहीच दिसत नाही की," मागून आवाज आला.

"नाही दिसत," थोरली म्हणाली.

फळी करकरली, तिच्यावर कसं बसायचं ते त्यांना जमत नव्हतं. मग ते म्हणाले, "चालव."

"तुम्हाला लागेल."

"तुला किती वेळा लागलं?"

"तीनदा. एकदा टाके पडले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरात होतात."

थोरलीने गाडी फाटकापर्यंत मागे नेली, आरशात पाहिलं. आरशात काळ्या चष्म्याची दांडी, पांढरे केस आणि काचेवर पसरलेले दोन मोजे दिसत होते, तिचे, फळीवर राहिलेले, त्यांना घट्ट होणारे. शेजारी बसलेल्या पास झालेल्या बाईकडे तिने एकदा पाहिलं. हेवा अजून होताच, जागच्या जागी. तिने क्लच सोडला, गिअर बदलला, अंगण पुढे पळत आलं, आणि धाकटीने पूर्ण ताकदीने हात आपटला.

तिने ब्रेक दाबला. टायर ओरडले, गाडी जागच्या जागी उभी राहिली, आणि मागे काच बोलली, मोठ्याने, एकदा.

मग मागून अप्पांचा आवाज आला, थोडा धापा टाकत.

"धरलीय. चल."